चाळीसच्या भिंगाखाली सारे धूसर: मुलांच्या सूक्ष्मदर्शकाची पुन्हा पुन्हा येणारी तक्रार

मुलांसाठी घेतलेल्या सूक्ष्मदर्शकाची एक तक्रार ठरलेली असते. सर्वांत लहान भिंगाखाली कांद्याचा पापुद्रा व्यवस्थित दिसतो, मधल्या भिंगाखाली पेशींच्या विटा सुटसुटीत दिसू लागतात, मुलाचा उत्साह वाढतो, आणि चाळीस पट मोठे दाखवणारे, म्हणजे चाळीसचे, भिंग फिरवून समोर आणले की पांढऱ्या धुक्याशिवाय काही उरत नाही. नॉब कितीही फिरवला तरी धुके विरत नाही. मग यंत्रच खराब निघाले असे ठरते, खोका माळ्यावर जातो आणि वर्षभराने कोणीतरी तो खाली काढतो, तेव्हा मधल्या भिंगातूनही नीट दिसेनासे झालेले असते.

आमचे घर कोकणात आहे. आमच्याकडे ही तक्रार तीन पावसाळ्यांत तीनदा आली आणि तिन्ही वेळा कारण निराळे निघाले. पहिल्यांदा स्लाइड उलटी होती, दुसऱ्यांदा भिंगाच्या तोंडाला आयोडीन लागून वाळले होते आणि तिसऱ्यांदा बुरशी होती. लक्षण मात्र प्रत्येक वेळी तेच, धुके. त्यामुळे कारण अंदाजाने शोधण्यापेक्षा क्रमाने शोधावे, असे माझे मत झाले आहे: आधी स्लाइड, मग प्रकाश, मग भिंगांचा बाहेरचा पृष्ठभाग आणि सर्वांत शेवटी यंत्राचे अंतरंग. बहुतेक पालक नेमके उलट्या टोकाकडून, म्हणजे हातात पेचकस घेऊन सुरुवात करतात. मीही तसेच केले होते.

आधी यंत्र कोणते आहे ते पाहावे

बाजारात मुलांसाठी दोन प्रकारचे सूक्ष्मदर्शक मिळतात. एक प्लास्टिकचा, खोक्यावर "1200 पट" असे ठळक छापलेला, सोबत रंगीत स्लाइडी, चिमटा आणि इवल्याशा बाटल्या असलेला. दुसरा धातूचा, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा. आपल्याकडे विकले जाणारे असे बरेचसे सूक्ष्मदर्शक हरियाणातील अंबाल्याला तयार होतात. दुसऱ्या प्रकारातील वस्तुभिंगाच्या, म्हणजे नमुन्याकडच्या भिंगाच्या, नळीवर बारीक अक्षरांत आकडे कोरलेले असतात. चाळीसच्या भिंगावर सहसा 40/0.65 आणि त्याखाली 160/0.17 असे असते. हे आकडे मुलाबरोबर बसून एकदा वाचावेत, कारण निम्म्या तक्रारींचा उलगडा त्यांतच आहे.

त्यांपैकी 0.65 हा आकडा भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते ते सांगतो. किती बारीक तपशील वेगळा दिसेल हे याच आकड्यावर ठरते. चाळीस किंवा साठ पटीवर नव्हे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सरासरी 0.55 मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली, तर 0.65 च्या भिंगाला साधारण अर्ध्या मायक्रोमीटरपर्यंतचे दोन ठिपके वेगळे दाखवता येतात. 0.65 या आकड्याला हजाराने गुणले की उपयोगाचे वर्धन कुठवर जाते त्याचा ढोबळ अंदाज मिळतो. इथे ते 650 पट येते. त्यापुढे प्रतिमा मोठी होत जाते, पण तिच्यात नवे काही दिसत नाही; लहान छायाचित्र ताणून भिंतीएवढे केल्यासारखे होते. प्लास्टिकच्या सूक्ष्मदर्शकावर हा आकडा छापलेलाच नसतो, आणि त्याची भिंगे पाहता तो बराच कमी असणार हे उघड आहे. म्हणून अशा यंत्रात 1200 पटीवर दिसणारे धुके हा बिघाड नव्हे. ती त्या यंत्राची मर्यादा आहे, आणि कितीही पुसले तरी ती जाणार नाही. त्याचे सर्वांत लहान भिंग मात्र अनेकदा पुरेसे चांगले असते. मुंगीचा पाय, मिठाचे कण, पिसाचे धागे, वर्तमानपत्रातील रंगीत चित्राचे ठिपके एवढे त्यातून मजेत पाहता येते. नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचे भिंग, ओढून लांब करायची सोय असेल तर ती पूर्ण आत ढकलून वापरावी.

पुढील मजकूर मुख्यतः धातूच्या, चाळीसचे काचेचे भिंग असलेल्या सूक्ष्मदर्शकाविषयी आहे. प्लास्टिकच्या यंत्राला जे वेगळे लागू होते ते जागोजागी सांगितले आहे.

पतंगाची स्लाइड

दोष नमुन्यात आहे की यंत्रात, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर देणारी एक कायमची चाचणी-स्लाइड घरी असावी आणि ती फुकट तयार होते. पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली सकाळी मेलेले पतंग पडलेले असतात. असा एक सुका पतंग उचलून त्याचा पंख स्वच्छ स्लाइडच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. बोटाला लागते तशी करडी भुकटी काचेला चिकटते. त्यावर पाणी न घालता कव्हर स्लिप, म्हणजे नमुन्यावर ठेवायची पातळ काच, ठेवावी आणि तिच्या चारही कडा नेलपॉलिशने बंद कराव्यात. ही स्लाइड वर्षानुवर्षे टिकते.

दहाच्या भिंगाखाली ती भुकटी म्हणजे देठ असलेल्या चपट्या पाकळ्यांसारखे खवले आहेत हे दिसते. चाळीसच्या भिंगाखाली प्रत्येक खवल्यावर लांबीच्या दिशेने गेलेल्या समांतर रेषा दिसायला हव्यात. त्या रेषांमधील अंतर सहसा एक ते दोन मायक्रोमीटर असते, म्हणजे बऱ्या स्थितीतील 0.65 च्या भिंगाच्या आवाक्यातले. एकोणिसाव्या शतकात भिंगे पारखण्यासाठी कीटकांचे खवलेच वापरत असत, तेव्हा ही युक्ती काही नवी नाही. रेषा दिसल्या तर यंत्र निर्दोष आहे आणि मुलाच्या नमुन्यात काहीतरी चुकले आहे. रेषांऐवजी नुसता करडा डाग दिसला तर प्रकाश व भिंगे तपासायची. आमच्या घरात ही स्लाइड आल्यापासून "यंत्र बिघडले" हे वाक्य बोलण्याआधी ती पाहायची असा नियम आहे, आणि तो मुलीपेक्षा मला अधिक वेळा लागू पडला आहे.

नमुन्यातील दोष

पहिल्या पावसाळ्यातील प्रसंग असा. मुलीने कांद्याचा पापुद्रा लावला होता, दहाच्या भिंगाखाली पेशी सुंदर दिसत होत्या, आणि चाळीसला काहीच नाही. "बाबा, हे भिंग आंधळे आहे," असा तिने निकाल दिला. मी नेत्रिका पुसली, वस्तुभिंग पुसले, बल्ब बदलला. तासाभराने स्लाइड उचलून दिव्यासमोर धरली तेव्हा लक्षात आले की कव्हर स्लिप खालच्या बाजूला आहे. पाण्यामुळे ती काचेला घट्ट चिकटून राहिली होती, म्हणून पडली नाही इतकेच.

यामागचे गणित साधे आहे. चाळीसचे भिंग स्पष्ट प्रतिमा देते तेव्हा त्याचे तोंड नमुन्यापासून अर्धा-पाऊण मिलिमीटरच्या आत आलेले असते. स्लाइडची काच स्वतःच एक मिलिमीटरहून जाड असते. ती मध्ये आली की भिंगाला नमुन्याच्या पुरेसे जवळ जाताच येत नाही. काचेला टेकूनही ते दूरच राहते. चारच्या आणि दहाच्या भिंगांना कितीतरी मिलिमीटर मोकळे अंतर असल्यामुळे त्यांना उलट्या स्लाइडचा काही फरक पडत नाही. म्हणून "दहाला दिसते, चाळीसला अजिबात नाही" हे वर्णन ऐकले की सर्वांत आधी स्लाइड पालथी तर नाही ना ते पाहावे. भिंगावर कोरलेला 0.17 हा आकडाही याच संदर्भातला आहे: कव्हर स्लिप 0.17 मिलिमीटर जाडीची असेल असे धरून ते भिंग घडवलेले असते. कव्हर स्लिपऐवजी दुसरी स्लाइडच वर ठेवली, किंवा प्लास्टिकचा जाड तुकडा ठेवला, तर चाळीसला धुकेच दिसणार. कव्हर स्लिप अजिबात नसेल तर धुके येतेच, शिवाय भिंगाचे तोंड थेट पाण्यात बुडते, आणि त्याचे परिणाम पुढे सांगितले आहेत. खेळण्यातील संचासोबत येणाऱ्या प्लास्टिकच्या जाड स्लाइडीही याच कारणाने बाजूला ठेवाव्यात आणि प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानातून काचेच्या स्लाइडी व कव्हर स्लिपची एक डबी आणावी.

दुसरे कारण जाडी. कांद्याचा पापुद्रा म्हणून मुले अनेकदा कांद्याची पातळ कापलेली चकती ठेवतात. तिच्यात पेशींचे कित्येक थर एकावर एक असतात आणि चाळीसच्या भिंगाची स्पष्टतेची खोली जेमतेम एक मायक्रोमीटर असते. बाकीचे सगळे थर त्या एका पातळ पातळीवर धूसर सावली धरतात. कांद्याचे चार भाग करून मधली एक पाकळी घ्यावी, ती आतल्या बाजूकडे वाकवून मोडावी, आणि मोडलेल्या कडेला जो पारदर्शक पडदा सुटून लोंबतो तोच चिमट्याने अलगद ओढावा. नखाएवढा तुकडा पुरतो. तो पाण्याच्या थेंबात घडी न पडू देता पसरवून त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब घालावा, आणि कव्हर स्लिप एका कडेवर टेकवून तिरकी हळूहळू खाली सोडावी. सपाट टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. बुडबुडा म्हणजे जाड काळ्या कडेचा, आतून चकचकीत, अगदी रेखीव गोल. मुले त्यालाच पेशी समजून त्याचे चित्र काढतात, आणि ते चित्र इतके मन लावून काढलेले असते की खरे सांगताना जीवावर येते. पाणी जास्त झाले तर कव्हर स्लिप तरंगते आणि नमुना सतत सरकत राहतो. कडेला टीपकागद लावून जादा पाणी शोषून घ्यावे. उलट दहा-पंधरा मिनिटांनी पाणी उडून गेले की कडांपासून हवा आत शिरते आणि मघाशी स्पष्ट असलेले चित्र निस्तेज होते. कडेला एक थेंब सोडला की ते पूर्ववत होते.

नमुना चांगला असूनही चाळीसला "रिकामे" दिसण्याचे एक कारण असे की तो नजरेच्या बाहेर गेलेला असतो. दहाच्या नेत्रिकेतून चारच्या भिंगाखाली साधारण साडेचार मिलिमीटर रुंदीचे वर्तुळ दिसते, चाळीसला जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. कांद्याची एक पेशीच पाव मिलिमीटरहून लांब असू शकते. म्हणून जे पाहायचे ते प्रत्येक भिंगाखाली वर्तुळाच्या मधोमध आणावे आणि मगच पुढचे भिंग फिरवावे. चाळीसला मोठा नॉब वापरू नये. भिंग खाली आणायचेच झाले तर डोळा नेत्रिकेला न लावता बाजूने पाहत ते काचेच्या जवळ न्यावे आणि नंतर नेत्रिकेतून पाहत दूर नेत नेत प्रतिमा शोधावी. या एका सवयीने कव्हर स्लिपा फुटणे जवळजवळ थांबते.

वडिलांनी लावून दिलेला फोकस मुलाला धूसर दिसतो हीदेखील तक्रारच नव्हे. दोघांच्या डोळ्यांचा नंबर वेगळा असतो, त्यामुळे बारीक नॉब प्रत्येकाने आपापला फिरवून घ्यायचा. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असलेल्या मुलाने चष्मा काढून पाहिले तरी चालते, कारण फोकस तेवढी भरपाई करतो. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा ठेवावा.

प्रकाश

अंधार हा दोष लगेच कळतो. जास्त उजेड हाही दोष आहे हे कळायला वेळ लागतो. पारदर्शक पेशी झगझगीत उजेडात विरून जातात आणि मुलाला पांढरे वर्तुळ तेवढे दिसते. स्लाइड ठेवायच्या मंचाखाली लहानमोठ्या भोकांची चकती किंवा पाकळ्यांचे झडप असते. ते थोडे मिटले की पेशीभित्तिका एकदम उठून दिसतात. फार मिटले तर प्रत्येक कडेला काळी दुहेरी रेघ येते आणि बारीक तपशील हरवतो. चाळीसच्या भिंगाला प्रकाश जास्त लागतो, तेव्हा भिंग बदलले की चकतीही बदलावी. एलईडी दिव्याची जाळी किंवा ठिपका नमुन्यावर उमटत असेल, तर दिव्यावर बटर पेपरचा छोटा तुकडा ठेवावा.

आरशाचे यंत्र असेल तर आरसा मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे वळवावा. ढगाळ आकाश तर उत्तमच. आरसा सूर्याकडे कधीही वळवू नये. भिंगातून एकवटलेला सूर्यप्रकाश डोळ्याचा पडदा कायमचा जाळू शकतो आणि ते घडत असताना दुखतही नाही. मूल लहान असेल तर आरसा लावून देण्याचे काम मोठ्या माणसाने स्वतःकडेच ठेवावे.

बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात दिवा मंद झाला तर सेलचा कप्पा उघडून पाहावा. संपलेले सेल तसेच आत राहिले की फुटून पाझरतात आणि पट्ट्यांवर पांढरी किंवा हिरवट भुकटी साचते. अल्कलाइन सेलची भुकटी व्हिनेगरमध्ये बुडवून पिळलेल्या कापसाच्या काडीने पुसून, नंतर साध्या ओल्या काडीने पुसून पूर्ण वाळू द्यावी. ती त्वचेला आणि डोळ्यांना झोंबते, म्हणून हे काम मुलाकडे देऊ नये. यंत्र आठवडाभर वापरायचे नसेल तर सेल काढून ठेवावेत. बटणाएवढे चपटे सेल असतील तर त्या कप्प्याचा स्क्रू सदैव घट्ट हवा; लहान भावंडाने असा सेल गिळला तर ते जिवावर बेतू शकते आणि तेव्हा एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे लागते.

मळ कोठे आहे

चाचणी-स्लाइडही धूसर दिसत असेल, किंवा प्रत्येक नमुन्यावर तेच डाग दिसत असतील, तर मळ कोठे आहे ते आधी ठरवावे. डोळा लावूनच स्लाइड किंचित सरकवावी; डाग तिच्याबरोबर सरकला तर तो स्लाइडवर आहे. मग नेत्रिका बोटांनी जागच्या जागी गोल फिरवावी. डाग तिच्याबरोबर फिरला तर तो नेत्रिकेवर आहे. दोन्हींनी हलला नाही आणि भिंग बदलताच नाहीसा झाला, तर तो त्या वस्तुभिंगावर आहे. मात्र वस्तुभिंगावरचा मळ डागासारखा क्वचितच दिसतो. तो सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा धरतो, आणि म्हणूनच त्याला बिघाड समजले जाते.

वस्तुभिंगाचे तोंड इतके लहान असते की नुसत्या डोळ्यांना तिथले काही कळत नाही. यासाठी एक सोपी युक्ती आहे. नेत्रिका काढून उलटी धरावी. ती आपोआप हातभिंग होते. चाळीसचे भिंग काढून दिव्याच्या उजेडात तिरके धरावे आणि उलट्या नेत्रिकेतून त्याच्या टोकाची काच पाहावी. दुसऱ्या पावसाळ्यात मला तिथे टाचणीच्या डोक्याहून लहान काचेवर तपकिरी, भेगाळलेला थर दिसला. वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारखा. कव्हर स्लिप न ठेवता पाहिलेल्या आयोडीनच्या थेंबात ते भिंग केव्हातरी बुडाले होते आणि नंतर आठ महिने तसेच राहिले होते.

पुसण्याआधी रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवावी, कारण धूळ असताना पुसणे म्हणजे बारीक वाळूने काच घासणे. तोंडाने फुंकर मारली की थुंकीचे थेंब बसतात. नंतर भिंग पुसण्याचा खास कागद, तो नसेल तर स्वच्छ कापसाची काडी, शुद्ध पाण्याने ओलसर करून मध्यापासून बाहेर गोल गोल, जोर न लावता फिरवावी. काम झाले नाही तर काचेच्या भिंगासाठी काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब घ्यावा. भिंगावर थेट ओतू नये, कारण ते कडेने आत झिरपून भिंगे जोडणारा चिकट थर सोडवू शकते. वाळलेला थर एका फेरीत निघत नाही. प्रत्येक फेरीला नवी काडी घ्यावी आणि उलट्या नेत्रिकेतून पुन्हा पाहावे. माझे भिंग चौदा काड्यांनी स्वच्छ झाले. शर्टाचे टोक, ओढणी, पदर, टिश्यू पेपर यांपैकी काही वापरू नये. हाताला लावायचे सॅनिटायझरही नको. त्यातील ग्लिसरीन पातळ साय धरते आणि धुके वाढते. प्लास्टिकच्या भिंगांना अल्कोहोलने बारीक तडे जाऊन ती कायमची अंधूक होऊ शकतात, तेव्हा तिथे भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा अगदी अंश घातलेले पाणी आणि मऊ कापड यापलीकडे जाऊ नये.

नेत्रिकेचा मळ सर्वांत साधा: पापण्यांचा तेलकटपणा, घाम आणि काजळ. महिन्यातून एकदा पुसले की पुरते.

पावसाळ्यातले धुके

इतके सगळे स्वच्छ करूनही दर वर्षी ऑगस्टच्या सुमारास धुके परतत असेल, तर कारण बहुधा बुरशी असते. किनारपट्टीवर जुलैत हवेची आर्द्रता दिवसचे दिवस 85-90 टक्क्यांवर राहते. भिंगांवर बुरशी धरायला 65-70 टक्के आणि बंद, अंधारी जागा पुरते. तिला खायला बोटांच्या ठशांतील तेल आणि धुळीतील कण चालतात. भिंग काढून त्यातून ट्यूबलाइटकडे पाहिले, की कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले तंतू किंवा कापसाचे पुंजके दिसतात. धूळ अशी फाटे फोडून वाढत नाही, हीच ओळख.

बाहेरच्या पृष्ठभागावरील ताजी बुरशी वर सांगितल्याप्रमाणे अल्कोहोलच्या काडीने निघते. मात्र ती बरेच महिने राहिली, तर तिच्या आम्लांनी काचेवरील लेप आणि कधी काचही खरवडली जाते, आणि तंतू निघाले तरी त्यांची नक्षी मागे उरते. ती जात नाही. चाळीसच्या भिंगाच्या आत बुरशी असेल तर ते उघडू नये. आतली बारीक भिंगे एका रेषेत बसवलेली असतात, आणि घरी ती पुन्हा तशी बसत नाहीत. त्यापेक्षा तेवढे एक वस्तुभिंग नवे घ्यावे. शाळेच्या सूक्ष्मदर्शकांच्या वस्तुभिंगांचे आटे बहुतांशी एकाच मापाचे असल्यामुळे ते सुटे मिळते आणि बसते. नेत्रिका साधी हायगेन्स पद्धतीची असेल तर ती उघडून पुसता येते. तिच्यात दोनच भिंगे असतात आणि दोघांची सपाट बाजू डोळ्याकडे येते, एवढे लक्षात ठेवून ती परत जुळवावी.

उपाय साठवणीतच आहे. सोबत येणारी लाकडी पेटी किंवा थर्माकोलचा साचा ओल धरून ठेवतो, म्हणून पावसाळ्यात यंत्र त्यात कोंडू नये. आम्ही नेत्रिका आणि वस्तुभिंगे काढून, झाकणाला रबरी कडे असलेल्या हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या सुमारे 50 ग्रॅम दाण्यांसोबत ठेवतो. धातूचा सांगाडा बाहेर राहिला तरी हरकत नसते, फक्त नळीची दोन्ही तोंडे झाकणांनी बंद करावी लागतात. सिलिका जेलचे नारिंगी दाणे घ्यावेत. ते ओल शोषून हिरवे झाले की ओव्हनमध्ये 110 ते 120 अंश सेल्सिअसला दीड-दोन तास ठेवले की पुन्हा नारिंगी होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते. ते विषारी असल्यामुळे मुलांच्या डब्यात आणि स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. सिलिका जेलऐवजी तांदूळ ठेवण्याचा सल्ला नेहमी दिला जातो. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याचे पीठ भिंगांवर बसते. डांबरगोळ्याही ठेवू नयेत, कारण त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते आणि काचेवर थर धरते. हवाबंद डबा नसेल तर यंत्र चक्क टेबलावर, धूळ बसू नये म्हणून सुती कापडाने झाकून ठेवावे आणि आठवड्यातून एकदा वापरावे. माळ्यावरच्या कोंदट खोक्यापेक्षा उजेड आणि हवा असलेला कोपरा कितीतरी बरा. वातानुकूलित खोलीतून यंत्र व्हरांड्यात आणले की भिंगांवर दव धरते; ते पुसू नये, दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

खोबरेल तेल आणि घसरणारी नळी

स्पष्ट लावलेला फोकस हात काढताच आपोआप धूसर होत असेल, तर भिंगांचा दोष नाही. नळी स्वतःच्या वजनाने खाली सरकते आहे. पुष्कळ शालेय यंत्रांत मोठ्या नॉबच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून एकमेकींच्या विरुद्ध दिशांना किंचित पिळल्या की नॉबचा ताण वाढतो. पाव फेऱ्याहून जास्त पिळू नये, कारण घट्ट नॉब मूल जोर लावून फिरवते आणि भिंग काचेवर आदळते.

उलट, नॉब जड झाला तर तेल घालण्याचा मोह होतो. मी जुलैत नळी वरखाली नेणाऱ्या दातेरी पट्टीला देवघरातले खोबरेल तेल लावले आणि नॉब लोण्यासारखा फिरू लागला. डिसेंबरात थंडी पडली आणि तो जागीच अडला. खोबरेल तेल 24-25 अंशांखाली थिजते हे बाटलीत दर हिवाळ्यात पाहत आलो होतो, तरी ते डोक्यात आले नाही. शिवाय त्या तेलाला धूळ चिकटून काळी पेस्ट झाली होती आणि थोडे ओघळून नळीच्या आतही गेले होते. भिंगे आधी काढून बाजूला ठेवली, पट्टीचे दात जुन्या टूथब्रशने आणि अल्कोहोलने कोरून स्वच्छ केले आणि पांढऱ्या लिथियम ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका लावला. त्यानंतर आजतागायत तेथे काही घालावे लागलेले नाही.

यंदा मेअखेरीस दाणे ओव्हनमध्ये वाळवून डब्यात भरले, भिंगे पुसून ठेवली आणि डब्याच्या झाकणाला पतंगाची स्लाइड चिकटपट्टीने लावून ठेवली. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मुलीने ती काढून पाहिली. खवल्यांवरच्या रेषा दिसत होत्या; दाणे अर्धे हिरवे झाले होते, म्हणून ते त्याच दिवशी पुन्हा वाळवले.